पेशंट वर्षानुवर्षं एकाच डॉक्टरकडे का येतो?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात नव्यानं दवाखाना घातलेल्या एका तरुण डॉक्टरांचा आहे. थोडक्यात असा : "औषधं बरोबर देतो, उगाच तपासण्या लावत नाही, तरी लोक एकदा येतात आणि पुढच्या वेळी जुन्या डॉक्टरांकडं जातात. सुई मारली नाही की नाराज होतात. रात्री-अपरात्री व्हॉट्सॲपवर रिपोर्ट टाकतात. फॅमिली डॉक्टरमध्ये पेशंटला नेमकं आवडतं तरी काय?"

गोड बोलणं आवडतं, पण त्यावर पेशंट टिकत नाही. टिकतो तो दोन गोष्टींवर. पहिली, या डॉक्टरला माझं आणि माझ्या घरचं सगळं ठाऊक आहे. दुसरी, दवाखान्यातून बाहेर पडताना पुढं काय होईल, काय झालं तर काय करायचं आणि परत कधी यायचं, हे मला कळलेलं आहे. अमुक डॉक्टरच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणतात, त्यात या दोन गोष्टींचा वाटा फार मोठा असतो. शेजारच्या जुन्या डॉक्टरांकडं तीस वर्षांची ओळख आहे, ती तुम्हाला एकदम मिळणार नाही. पण ती ओळख ज्या सवयींनी जमते त्या सवयी उद्यापासून लावता येतात.

सुरुवात ऐकण्यापासून. पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर किती वेळात मध्ये बोलतो हे अमेरिकेत मोजलेलं आहे. 1984 च्या अभ्यासात तो वेळ साधारण 18 सेकंद निघाला, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात 11 सेकंद. आपल्याकडं बाहेर वीस माणसं बसलेली असताना यापेक्षा बरं असेल असं मानायला जागा नाही. पेशंटला न अडवता बोलू दिलं तर बहुतेक जण दीड-दोन मिनिटांत थांबतात. तेवढी दोन मिनिटं पेन खाली ठेवा, मोबाइल उलटा करून ठेवा आणि पेशंटकडं बघा. त्यानंतर "अजून काही सांगायचं आहे का?" हे तपासणीच्या आधी विचारा. शेवटी विचारलं, तर खरी तक्रार चिठ्ठी हातात पडल्यावर, दाराशी उभं राहून बाहेर येते : "आणि डॉक्टर, जिना चढताना छातीत जरा भरून येतंय." अंगदुखीसाठी आलेल्या माणसाची खरी भीती तीच असते. ती आधी कळली असती तर ईसीजी आधी झाला असता.

आपल्या भागात पेशंट एकटा क्वचित येतो. सुनेबरोबर सासू असते, म्हाताऱ्याबरोबर मुलगा, आणि बरोबरचाच सगळं सांगून टाकतो. त्याचं ऐकून घ्या, पण तपासणीच्या वेळी बरोबरच्यांना बाहेर बसवून पेशंटला एकटं बोलू द्या. पडद्यामागं नर्सला उभं करा. अंगावरून पांढरं जाणं, पाळी चुकणं, नवऱ्याची मारहाण, लघवीची जळजळ या गोष्टी सासूसमोर निघत नाहीत. "अशक्तपणा आहे, टॉनिक द्या" एवढंच निघतं. जी बाई हे एकदा तुमच्यापाशी बोलली आणि गावात कुठं फुटलं नाही, ती तिच्या लेकीलाही तुमच्याकडंच आणते.

भाषेचंही याच जागी बघावं. खानापूर, येळ्ळूर, उचगाव, निपाणी इथं मराठी चालते, पण दवाखान्यात कानडी आणि उर्दू बोलणारेही येणारच. मोडकी का होईना, तुमची कानडी पेशंटच्या कानावर पडली पाहिजे. निदान "ऊटद मुंचे" आणि "ऊट आद मेले" म्हणजे जेवणाआधी आणि जेवणानंतर, एवढं तरी कंपाउंडरवर न सोडता स्वतःच्या तोंडानं सांगता आलं पाहिजे. औषधात होणाऱ्या चुका इथंच होतात.

आता तपासणी. हात न लावता चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर कितीही हुशार असो, पेशंट घरी जाऊन एवढंच सांगतो की "बघितलंसुद्धा नाही." आणि ती तक्रार खरी असते. नाडी, खालची पापणी ओढून फिकेपणा, जीभ, छाती, पोट, पायाची सूज, एवढं करायला तीन मिनिटं लागतात.

बीपी मात्र घाईनं बघू नका. पेशंट बसमधून उतरून, चढ चढून, तंबाखूची चिमूट तोंडात ठेवून येतो आणि आपण खुर्चीत बसल्या बसल्या पट्टा गुंडाळतो. पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नकोत. पट्टा उघड्या दंडावर बांधा, ब्लाउजच्या किंवा स्वेटरच्या बाहीवर नको. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. मोजताना पेशंटनं आणि तुम्ही दोघांनीही बोलायचं नाही. चहा किंवा तंबाखू होऊन अर्धा तास गेलेला असावा, लघवी तुंबलेली नसावी. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा वाढतो. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या 80 टक्के तरी वेढली पाहिजे. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा आणि आकडा पेशंटला मोठ्यानं सांगा, त्याच्या वहीत लिहून द्या. लटकता हात आणि मध्येच चाललेलं बोलणं यांनीच वरचा आकडा सहज 8-10 नं वाढतो. अशा एका आकड्यावर आयुष्यभराची गोळी चालू झालेली माणसं या भागात पुष्कळ सापडतील. घरी मशीन असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून आणायला सांगा. घरी बसून घेतलेली सरासरी 135/85 च्या खाली हवी.

दुसरी तपासणी मी या भागातल्या प्रत्येक डॉक्टरला आग्रहानं सांगेन : तोंड बघा. निपाणीच्या आसपास तंबाखूचं पीक, विड्यांचा धंदा, आणि बायकांमध्ये मिश्री. मिश्री लावणारी बाई त्याला व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणते. त्यामुळं "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला ती "नाही" म्हणते, आणि तिच्या दृष्टीनं ते खरं असतं. "दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा?" असं विचारा. मग टॉर्च घेऊन दोन्ही गालांची आतली बाजू, खालचा ओठ उलटा करून हिरडीची खाच, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, जीभ वर उचलून खालची जागा बघा. तोंड किती उघडतं तेही बघा. तीन बोटं उभी आत जात नसतील तर गुटखा-सुपारीनं आतली कातडी आखडली आहे असं समजा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांच्या वर न भरलेली जखम, एका बाजूची गाठ दिसली तर जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन महिना घालवू नका. तुकडा काढून तपासायला पाठवा. एक मिनिटाचं काम आहे, खर्च काही नाही, आणि तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर माणूस वाचतो.

पेशंटला ओळखणं म्हणजे चेहरा लक्षात ठेवणं एवढंच नाही. केसपेपर ठेवा. पुष्कळ छोट्या दवाखान्यांत चिठ्ठी पेशंटच्या हातात जाते आणि आपल्याकडं काहीच उरत नाही. एका घराला एक नंबर द्या, त्या नंबरखाली घरातल्या प्रत्येकाचा कागद. पहिल्या पानावर लाल शाईनं चालत नसलेलं औषध (पेनिसिलीन, सल्फा, वेदनाशामक), मोठे आजार, ऑपरेशन, रक्तातल्या नात्यात कोणाला साखर, हार्ट, टीबी. त्याखाली गाव आणि काम : ऊसतोड, विडी, फौंड्री, भातशेती, गवंडी. फौंड्रीत काम करणाऱ्याचा खोकला आणि विडी वळणारीचा खोकला एकसारखा बघता येत नाही. शेवटच्या ओळीत पुढच्या वेळी काय विचारायचं ते लिहा. "मुलीचं बाळंतपण झालं का?" हेही तिथंच लिहिलेलं असलं तर पुढच्या भेटीत आठवण्याचा प्रश्न येत नाही. यात लबाडी काही नाही, काळजी लक्षात राहावी म्हणून केलेली सोय आहे. आणि एकाच डॉक्टरकडं राहण्याचा पेशंटला फायदा होतो याला आधार आहे : 2018 मध्ये 22 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा त्यांतल्या 18 अभ्यासांत, त्याच डॉक्टरकडं सतत जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं.

औषध देताना गोंधळ कुठं होतो? सगळ्यात जास्त लहान मुलांच्या तापाच्या औषधात. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, दर किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान सहा तास, दिवसाला जास्तीत जास्त चार डोस. दहा किलोच्या मुलाला एका वेळी 150 मिलिग्रॅम झाले. पण बाजारात सिरप दोन ताकदींचं असतं. 5 मिलिलिटरला 120 असेल तर सहा मिलिलिटर, 5 मिलिलिटरला 250 असेल तर तीनच. ड्रॉप्स एका मिलिलिटरला 100, म्हणजे दीड मिलिलिटर. आईला "सहा मिली" एवढंच पाठ असतं आणि मेडिकलवाला दुसरी बाटली देतो, की डोस दुप्पट. ड्रॉप्सच्या बाटलीतलं सहा दिलं तर चौपट. म्हणून चिठ्ठीत ताकद लिहा, बाटली आणून दाखवायला सांगा, आणि त्या बाटलीच्या झाकणावर किंवा सिरिंजवर पेननं रेघ मारून द्या. घरातला चमचा वापरू नका म्हणून सांगा. एका घरातल्या दोन चमच्यांतही सारखं मावत नाही.

मोठ्यांच्या बाबतीत थायरॉईडची गोळी हे नेहमीचं दुखणं आहे. बाई ती सकाळच्या चहाबरोबर घेते आणि वर लगेच लोहाची आणि कॅल्शियमची. मग टीएसएच (रक्तातला थायरॉईडच्या तपासणीचा आकडा) उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात. ती गोळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासानं, आणि लोह-कॅल्शियम चार तासांनी. लोहाची गोळीसुद्धा चहाबरोबर घेऊ नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्र काढा.

सांगून झालं की पेशंटकडून वदवून घ्या. "कळलं का?" विचारलं की सगळेच "होय" म्हणतात. "घरी गेल्यावर मालकीणबाईंना कसं सांगणार, मला सांगा बघू" म्हटलं की काय राहिलं ते लगेच उघड होतं. सांगितलेल्यातलं 40 ते 80 टक्के पेशंट तिथंच विसरतो असं अभ्यास सांगतात. म्हणून एका भेटीत तीनच गोष्टी सांगा, महत्त्वाची आधी.

आता सुई आणि सलाईन. लोक अडाणी आहेत म्हणून मागत नाहीत. रोजंदारीवरच्या माणसाचा एक दिवस बुडाला तर हजेरी जाते. त्याला उद्या कामावर उभं राहायचं असतं, आणि आजवर सुईनं दोन दिवस बरं वाटलेलं त्यानं अनुभवलेलं असतं. ते बरं वाटणं बहुतेक वेळा वेदनाशामकाचं किंवा स्टिरॉइडचं असतं. स्टिरॉइडनं मधुमेह्याची साखर उसळते, आतला जंतुसंसर्ग झाकला जातो. पावसाळ्यात तर तापाच्या पेशंटला डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची सुई म्हणजे धोकाच : डेंगी असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. नकार देताना व्याख्यान देऊ नका आणि "सुईनं काही होत नाही" असंही म्हणू नका, त्याला होतं हे त्यानं बघितलेलं आहे. आकडा सांगा. 500 मिलिलिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे एका भाकरीएवढीही ताकद नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाकलं की तेच काम होतं, शिवाय पोटॅशियमही मिळतं. इथं एक चूक हमखास होते : मोठं पाकीट पेल्याभर पाण्यात विरघळवलं जातं. ते लहान मुलाला घातक आहे. पेल्याला, म्हणजे 200 मिलिलिटरला, लहान पाकीट वेगळं मिळतं. जुलाब झालेल्या मुलाला त्याबरोबर झिंक चौदा दिवस : सहा महिन्यांवर 20 मिलिग्रॅम, त्याखाली 10.

ज्याला खरोखर सुई किंवा सलाईन लागतं, म्हणजे उलट्या थांबत नाहीत, तोंड सुकलं आहे, ग्लानी आहे, त्याला ताबडतोब द्या आणि का दिलं ते सांगा. मग तुमचं "नको" सुद्धा लोक मानायला लागतात. सुई नाकारलेल्या पेशंटला दुसरं काहीतरी ठोस हातात मिळालं पाहिजे. ते म्हणजे पुढच्या तीन दिवसांचा हिशेब.

तापाचं उदाहरण घ्या. जून ते ऑक्टोबरमध्ये आलेल्या तापाला पहिल्या दिवशी नाव देता येत नाही, आणि ते कबूल करण्यात कमीपणा नाही. असं सांगा : "आज तापाचा दुसरा दिवस आहे. फक्त पॅरासिटामॉल घ्यायचं, दुसरी वेदनाशामक गोळी नाही. पाणी, ताक, पेज मिळून दिवसाला अडीच-तीन लिटर पोटात जाऊ दे, लघवी दर चार-सहा तासांनी झाली पाहिजे. परवा रक्त तपासू. ताप उतरला तरी पुढचे दोन दिवस लक्ष ठेवणं सोडायचं नाही, कारण डेंगीत खरा धोका ताप उतरतानाच असतो. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, काळी शी झाली, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, तर माझी वाट न बघता दवाखान्यात न्यायचं." ही पाच-सात वाक्यं मराठीत आणि कानडीत छापून ठेवा, कागद हातात द्या. भाताच्या चिखलात काम करणाऱ्याचा ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या दुखत असतील तर लेप्टोस्पायरोसिस (उंदराच्या लघवीनं दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) डोक्यात ठेवा. त्याला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेवर लागतं. आणि परवाच्या दिवशी पेशंट आला नाही तर कंपाउंडरला फोन करायला लावा. दिवसाला अशा चार फोनांची यादी असली तरी पुष्कळ झालं. "डॉक्टरांनी आपणहून फोन केला" ही गोष्ट गावभर होते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बिघडलेला पेशंट वेळेत सापडतो.

छातीत दुखणाऱ्याला "गॅस आहे" म्हणून घरी पाठवणं ही फॅमिली डॉक्टरच्या हातून होणारी सगळ्यात महाग चूक. चाळिशीपुढचा, तंबाखू खाणारा किंवा मधुमेही माणूस जेवणानंतर जळजळ म्हणत आला, तरी दहा मिनिटांच्या आत ईसीजी. पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे सुटलो असं नाही. दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढा. बदल दिसला तर ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसल्यास 300 ते 325 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या, 108 ला फोन करा, आणि पुढच्या डॉक्टरला ईसीजीचा फोटो गाडी निघायच्या आधी पाठवा.

पुढं पाठवण्याचं काम नीट करणारा डॉक्टर लोकांना फार मोलाचा वाटतो, आणि आपल्या सीमाभागात हे काम इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे. बेळगावला जायचं की मिरजेला, कोल्हापूरला की गोव्याला? जिल्हा रुग्णालय की खाजगी? कार्ड चालेल का? आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण पुष्कळ आजारांसाठी आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. तातडीच्या आजारांना ती अट नाही. हे ठाऊक नसल्यानं माणसं थेट खाजगीत जातात, अनामत भरतात, आणि मग चिठ्ठीसाठी उलट धावतात. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. तुमच्या पेशंटचं गाव त्यात आहे का, आणि ज्या हॉस्पिटलात पाठवायचं तिथं त्याचे कोणते कागद लागतील, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, आधी फोन करून विचारा. ही माहिती एका वहीत लिहून ठेवा : हॉस्पिटल, कोणता आजार, कोणती योजना, कोणाला फोन करायचा. सर्पदंशावरचं प्रतिविष आणि व्हेंटिलेटर जवळात जवळ कुठं आहे, कुत्रं चावल्यावर लागणारं इम्युनोग्लोब्युलिन कुठं मिळतं, हेही त्याच वहीत. जांबोटी-कणकुंबीकडून रात्री फोन आला तर शोधायला वेळ नसतो. सर्पदंशाला फोनवर सांगायचं ते एवढंच : आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, हात-पाय हलवू देऊ नका, मांत्रिकाकडं थांबू नका, निघा. कुत्र्याच्या चाव्याला : साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं, तिखट, चुना, हळद काही भरायचं नाही, आणि लस त्याच दिवशी.

रेफरलच्या चिठ्ठीत फक्त "पुढील उपचारासाठी" असं लिहून पाठवू नका. तक्रार कधीपासून, काय सापडलं, काय औषध किती वाजता दिलं, चालू औषधं, चालत नसलेलं औषध, आणि तुम्हाला नेमकं काय विचारायचं आहे, एवढं लिहा. आणि पेशंट परत आला की डिस्चार्ज कार्ड घेऊन बसा. मोठ्या दवाखान्यानं दिलेलं इंग्रजी कार्ड घरात कोणालाच कळलेलं नसतं. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीतून टेबलावर ओतायला सांगा. एकच अम्लोडिपिन, म्हणजे बीपीची गोळी, दोन वेगवेगळ्या नावांनी चालू असतं, एक आपलं, एक तिथलं. म्हातारा चक्कर येऊन पडतो ते त्यामुळं. बंद केलेल्या गोळ्या पेशंटसमोर बाजूला काढा, त्यावर फुली मारा. दहा मिनिटांचं हे काम दुसरा कोणीही करत नाही, म्हणून ते तुमचं आहे.

मधुमेही पेशंटला धाक नको, हिशेब हवा. आषाढी-कार्तिकी, संकष्टी, नवरात्राचे नऊ दिवस, रमजानचे रोजे, सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा, पंढरीची वारी, हे सगळं चालणारच. "उपवास करू नका" म्हटलं की पेशंट तुम्हाला न सांगता करतो आणि ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी गोळी, तशीच घेतो. मग साखर 70 च्या खाली जाते, घाम, थरथर, भ्रम. उपवासाच्या आधी येऊन विचारायला सांगा. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिनचा त्या दिवसाचा डोस तुम्ही ठरवून लिहून द्या. साबुदाण्याची खिचडी आणि वर केळी म्हणजे उपवास नाही, साखर भरून घेणं आहे, हेही सांगा. खिशात तीन चमचे साखर बांधलेली ठेवायची. थरथर झाली की तोंडात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. साखर पुन्हा 70 च्या वर आली की उपवासही तिथंच सोडायचा, हे देवाच्या आड येत नाही असं तुमच्या तोंडून ऐकलं की म्हातारी माणसं मानतात. दर भेटीत चपला-मोजे काढून पाय बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. उसाच्या फडात अनवाणी फिरणाऱ्याला पाचटाचं टोक लागलेलं कळत नाही, आणि तळव्याला भेग पडलेली त्याला दिसत नाही.

पैशाचं थोडक्यात. फी दारावर लिहा. कर्नाटकच्या खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्यानं दर दाखवणं तसंही बंधनकारक आहे. लॅबकडून किंवा हॉस्पिटलकडून कट घेऊ नका. तो छुपा राहत नाही, आणि एकदा कळला की तुमच्या प्रत्येक चिठ्ठीवर संशय येतो. तपासणी लिहिताना एक वाक्य पुरतं : "हा रिपोर्ट असा आला तर हे करू, तसा आला तर ते." जिच्या उत्तरानं उपचार बदलणार नाही ती तपासणी लिहू नका.

वेळेचंही तसंच. नऊची वेळ लावली तर नऊला खुर्चीत असावं. गावाकडं परत जाणारी शेवटची बस कितीची, हे कंपाउंडरला माहीत असलं पाहिजे. लांबून आलेल्यांना आधी घ्या आणि बाहेर बसलेल्यांना तसं सांगून घ्या, म्हणजे कोणी कुरकुरत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडं घरी जाणं कमी होत चाललं आहे. आठवड्यातली एक दुपार त्यासाठी राखा. पाठीवर आणि माकडहाडावर जखमा बघा, दर दोन तासांनी कूस बदलायला घरच्यांना दाखवा, लघवीची नळी असेल तर पिशवी कमरेच्या खाली अडकवायला शिकवा. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यासाठी घरच्यांना वणवण करायला लावू नका. पेशंट तुमच्या उपचाराखाली असेल तर 4-ए फॉर्म तुम्हीच भरायचा. त्यात "हृदयक्रिया बंद पडली" हे कारण होत नाही. मूळ आजार लिहा; विम्याच्या कामात आणि वारसांना तोच लागतो.

शेवटी व्हॉट्सॲप. नंबर द्यावा का? द्यावा, नियम लावून. दुपारी अर्धा तास आणि रात्री अर्धा तास अशी वेळ ठरवा आणि मराठी-कानडीत दारावर लावा. रिपोर्टच्या फोटोबरोबर नाव, वय, घराचा केसपेपर नंबर आणि एक ओळ तक्रार आलीच पाहिजे, नाहीतर उत्तर नाही. छातीत दुखणं, दम, फिट, रक्त जाणं, सर्पदंश, बाळ दूध न पिणं, यासाठी मेसेज नाही, थेट फोन, कितीही वाजलेले असोत. नव्या पेशंटला न बघता फोनवर अँटिबायोटिक सांगू नका. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी दूरून सल्ला द्यायला परवानगी दिली आहे, पण पेशंटची ओळख पटवणं, नोंद ठेवणं आणि प्रत्यक्ष बघण्याची गरज आहे का हे ठरवणं डॉक्टरवर सोपवलं आहे. म्हणून रात्री फोनवर जे सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पेशंट घेण्याआधी केसपेपरवर उतरवा : तारीख, वेळ, काय विचारलं, काय सांगितलं, परत कधी बोलावलं.